उत्तर कोणाला द्यावयाचे? भोर संस्थानातील अनियंत्रित सत्तेचे स्थैर्य आणि अंत

१. प्रश्नाचे स्वरूप

पुण्याहून कात्रजचा घाट ओलांडून दक्षिणेस निघालेला प्रवासी कापूरहोळपाशी उजवीकडे वळला, की भाटघरच्या धरणाजवळून भोरास पोहोचतो. अंतर सुमारे पन्नास किलोमीटरांचे. १९४८ पूर्वी मात्र एवढ्या प्रवासात एक राज्यपद्धती संपून दुसरी सुरू होत असे. १९३७ च्या निवडणुकीनंतर पुणे जिल्ह्यातील मतदार, मर्यादित मताधिकाराने का होईना, आपण निवडलेल्या कायदेमंडळास जबाबदार असलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाखाली नांदत होता. त्याच वेळी भोर, वेल्हे, राजगड, तोरणा या मुलखातील शेतकरी पंत सचिवांची प्रजा होता. दोघांची भाषा एक, देवधर्म एक, सोयरिकी एकमेकांत, आठवड्याचे बाजारही पुष्कळदा एकच. तरीही एक मतदार आणि दुसरा अर्जदार होता.

अनियंत्रित सत्ता दीर्घकाळ का टिकतात आणि लोकसत्तेकडे नेणाऱ्या बदलास कशा विरोध करतात, या प्रश्नाची चर्चा बहुधा मोठ्या राष्ट्रांची उदाहरणे घेऊन केली जाते. झारशाही, जर्मन साम्राज्य, फ्रँकोचा स्पेन, पूर्व युरोपातील एकपक्षीय राजवटी ही तिची नेहमीची उदाहरणे. या राज्यांचा पसारा इतका मोठा, की त्यांतील कोणते कारण निर्णायक आणि कोणते आनुषंगिक हे वेगळे काढणे कठीण जाते. भोरसारख्या लहान राज्यात तीच यंत्रणा आटोपशीर स्वरूपात पाहावयास मिळते. १९०१ च्या सुमारास या संस्थानाचे क्षेत्रफळ ९२५ चौरस मैल आणि लोकसंख्या १,३७,२६८ होती. राजधानीच्या भोर गावात चार हजारांहून थोडी अधिक वस्ती होती. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड हे त्याचे पाच तालुके. तालुक्यांना नावे किल्ल्यांची, आणि किल्ले स्वराज्याच्या उभारणीतले. रोहिडा तो विचित्रगड, तोरणा तो प्रचंडगड. ज्या डोंगरांत स्वराज्याची कल्पना प्रथम मूर्त झाली, त्याच डोंगरांत जबाबदार राज्यपद्धतीची मागणी इतका काळ अपुरी का राहावी, हा येथील प्रश्न आहे.

२. सचिवपदाचा प्रवास

या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ एका शब्दापासून करणे सोयीचे आहे. ‘सचिव’ हे पद मुळात राजाचे नव्हे, अधिकाऱ्याचे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने कारभारातील फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय सुचविले. त्याच प्रयत्नातून ‘सुरनीस’ या संज्ञेच्या जागी ‘सचिव’ ही संज्ञा रूढ झाली. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी हे पद अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते. राजपत्रे तपासणे, त्यांतील न्यूनाधिक दुरुस्त करणे आणि महाल-परगण्यांच्या हिशेबांवर नजर ठेवणे हे सचिवाचे काम. म्हणजे ज्याने इतरांकडून उत्तर मागावयाचे आणि स्वतः राजाला उत्तर द्यावयाचे असा हा अधिकारी होता. पद वंशपरंपरागत नव्हते, आणि पदासाठी मुलूख तोडून देण्याची रीत शिवाजी महाराजांना मान्य नव्हती.

राजाराम महाराजांच्या काळी परिस्थिती पालटली. छत्रपती जिंजीस आणि मोगल फौजा महाराष्ट्रात, अशा स्थितीत रामचंद्रपंत अमात्य व शंकराजी नारायण यांनी मुलूख सांभाळला. शंकराजींनी मावळातील किल्ले परत मिळविण्यात मोठा पराक्रम केला आणि त्यांना सचिवपद मिळाले. खजिना रिकामा असताना सेवेचा मोबदला रोख देता येत नव्हता. तो मुलखाच्या रूपाने दिला गेला, आणि मुलूख हाती आला की तो वंशाकडे राहू लागला. १७०७ मध्ये शाहू महाराज परत आल्यावर ताराबाईंशी केलेली शपथ आणि नव्या छत्रपतींचा हक्क यांच्या पेचात सापडून शंकराजींनी देहत्याग केला असे परंपरा सांगते. त्यांचा अल्पवयीन पुत्र नारो शंकर यास शाहूंनी पदावर कायम केले. बाल सचिव राजपत्रे तपासू शकत नाही, हे उघड आहे. त्या क्षणी पदाचे काम आणि पदाचे उत्पन्न यांची फारकत पूर्ण झाली. रामचंद्रपंतांच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी जी सावधगिरी व्यक्त झाली आहे, तिची सत्यता त्यांच्या सहकाऱ्याच्याच घराण्यात पुढे दिसून आली.

अठराव्या शतकात सातारचे छत्रपती दुर्बळ होत गेले, तसतसे सचिवाकडून उत्तर मागणारे कोणी उरले नाही. ज्याचे काम हिशेब तपासण्याचे, त्याचा हिशेब तपासणारा नाहीसा झाला. भोरच्या राज्यसत्तेचे बीज येथे आहे. ही सत्ता जिंकून मिळविलेली नव्हती, आणि लोकांनी दिलेलीही नव्हती. वरची नेमणूक शिल्लक राहिली आणि वरचा नेमणारा नाहीसा झाला, यातून ती उत्पन्न झाली.

३. बाहेरचा आधार

अशी सत्ता स्वभावतः अस्थिर असते. वरचा धनी नाहीसा झाला, की शेजारचा बलवान तिला गिळतो किंवा आतील प्रतिस्पर्धी तिला आव्हान देतो. भोरच्या बाबतीत हा स्वाभाविक क्रम १८१८ नंतर थांबला. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने सातारच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना बसविले आणि १८२० मध्ये सातारच्या जहागीरदारांशी करार करून त्यांचे मुलूख कंपनीच्या हमीखाली आणले. भोर, फलटण, औंध, जत, अक्कलकोट ही त्यांतील प्रमुख नावे. १८४८ मध्ये गादीस वारस न राहिल्याचे निमित्त करून डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले, तरी जहागीरदार राहिले. ते आता प्रत्यक्ष इंग्रज सरकारचे मांडलिक झाले. छत्रपतींचे राज्य गेले आणि त्यांच्या सचिवाचे राहिले, ही घटना पुष्कळ बोलकी आहे.

१८५७ च्या उठावानंतर ही हमी अधिक दृढ झाली. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने संस्थानिकांचे हक्क व मान राखण्याचे अभिवचन दिले आणि पुढे दत्तकाच्या सनदा देण्यात आल्या. वारसाचा प्रश्न हा कोणत्याही राजवटीतील सर्वांत दुबळा क्षण होय. त्या क्षणाचीच तरतूद बाहेरून झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी भोरचे वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांच्या वर होते, आणि सार्वभौम सत्तेस द्यावयाची खंडणी अवघी ४,६८४ रुपये. म्हणजे शंभरास सुमारे दीड रुपया. इतक्या अल्प किमतीत परचक्र, बंड आणि वारसाहक्काचा तंटा या तिन्ही भयांतून मुक्तता मिळत होती.

या हमीचा परिणाम कालगणनेत स्पष्ट दिसतो. १८७१ ते १९२२ अशी एक्कावन्न वर्षे शंकरराव चिमणाजी आणि १९२२ पासून विलीनीकरणापर्यंत रघुनाथराव शंकरराव, अशा दोनच कारकिर्दींत सत्त्याहत्तर वर्षे गेली. त्याच अवधीत शेजारच्या मुंबई प्रांताची राज्यव्यवस्था १८९२, १९०९, १९१९ आणि १९३५ अशा चार कायद्यांनी बदलली. तेथे प्रत्येक बदल अपुरा होता आणि प्रत्येकावर टीका झाली. परंतु टीकेनंतर पुढचा बदल आला. संस्थानी हद्दीत असा क्रम सुरू होण्यास कारणच नव्हते.

बाहेरच्या हमीचे दुसरे अंग कायद्याचे होते. संस्थानी कारभारावर टीका छापावयाची तर ती पुण्यात किंवा मुंबईतच छापणे शक्य होते. १९२२ मध्ये संस्थानिकांविषयी अप्रीती पसरविणाऱ्या लेखनास शिक्षा ठरविणारे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळापुढे आले, तेव्हा विधिमंडळाने ते दाखल करून घेण्यासही नकार दिला. व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी आपल्या विशेषाधिकाराने ते संमत केले. लोकनियुक्त सभासदांचा नकार बाजूस सारून संस्थानिकांचे संरक्षण केले गेले. १९३४ च्या कायद्याने त्यात भर घातली आणि ब्रिटिश हद्दीतून संस्थानांवर जथे नेण्यासही आळा घातला. १९२७ मध्ये नेमलेल्या बटलर समितीने संस्थानी प्रजेच्या प्रतिनिधींची बाजू आपल्या कक्षेत येत नाही अशी भूमिका घेतली. तिच्या १९२९ च्या अहवालात सार्वभौम सत्तेचे श्रेष्ठत्व निःसंदिग्धपणे मांडले आहे. प्रजेकडून राज्यपद्धतीत बदल करण्याची व्यापक मागणी झाली तर संस्थानिकाचे स्थान न जाता ती भागेल असे उपाय सुचविणे हे सार्वभौम सत्तेचे कर्तव्य, असेही त्यात म्हटले आहे. बदलास येथे मुळातूनच मज्जाव केलेला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. त्याची मर्यादा मात्र आधीच आखून ठेवली आहे.

एकोणिसाव्या शतकातील जर्मन राज्यसंघाशी हे चित्र जुळते. १८१५ नंतर तेथील लहान लहान राजे मेटर्निकच्या ऑस्ट्रियाच्या आधाराने टिकले, आणि १८१९ च्या कार्ल्सबाड ठरावांनी एका राज्यातील विद्यापीठांवर व वृत्तपत्रांवर सर्व राज्यांच्या वतीने बंधने आली. लहान अनियंत्रित सत्तेला स्वतःचे मोठे सैन्य लागत नाही. मोठ्या सत्तेला तिचा उपयोग वाटत राहिला म्हणजे पुरते.

४. आतील आधार

केवळ बाहेरच्या हमीवर एखादे राज्य रोजचा कारभार चालवू शकत नाही. सारा गोळा करावा लागतो, जंगल राखावे लागते, तंटे तोडावे लागतात. भोरच्या मुलखात हे काम करणारी साखळी संस्थानापेक्षा जुनी होती. बारा मावळांतील देशमुख-देशपांडे, गावोगावचे पाटील-कुलकर्णी आणि त्यांच्याखाली बलुतेदार व महार वतनदार, अशी ती उतरंड. रोहिडखोऱ्यातील कारीचे जेधे, हिरडस मावळातील बांदल ही नावे स्वराज्याच्या इतिहासात सर्वांस परिचित आहेत. वतनदाराचा हक्क राज्याकडून मान्य होत असे आणि राज्याचा सारा वतनदाराकडून वसूल होत असे. दोघांचे हित एकमेकांत गुंतले होते. या साखळीतील प्रत्येक जण वरच्याला उत्तर देणारा आणि खालच्याकडून उत्तर मागणारा होता. खालच्याला उत्तर देण्याची पाळी कोणावरच येत नव्हती.

उत्पन्नाच्या स्वरूपाचाही येथे विचार केला पाहिजे. भात, नाचणी आणि वरी पिकविणाऱ्या या डोंगराळ मुलखात जमिनीच्या साऱ्याखेरीज जंगलाचे उत्पन्न महत्त्वाचे होते. येथील हिरडा तर दूरवर प्रसिद्ध होता. साऱ्याची आकारणी पाहणी करून ठरत असे, जंगल सरकारी मालकीचे होते, आणि अबकारीचे मक्ते दिले जात. यांपैकी कोणत्याही बाबीसाठी रयतेची संमती घ्यावी लागत नव्हती. इंग्लंडच्या इतिहासात राजाला युद्धासाठी पैसा हवा असे, म्हणून पार्लमेंट बोलवावे लागे, आणि पार्लमेंट पैशाच्या मोबदल्यात हक्क मागत असे. भोरला युद्ध करावयाचे नव्हते. ती चिंता सार्वभौम सत्तेने घेतली होती. पैशाची निकड नाही, म्हणून संमतीची निकड नाही. बाहेरची हमी आणि आतील स्वस्थता यांचा सांधा येथे आहे.

‘दौलत’ आणि ‘खासगी’ या दोन शब्दांतील सीमारेषा हा संस्थानी राजकारणातील खरा वादाचा विषय होता. राज्याचा खजिना किती आणि राजाचा घरखर्च किती, हे ठरविणारा एकच पुरुष असेल तर अंदाजपत्रक छापूनही फारसा उपयोग होत नाही. दक्षिणी संस्थानांतील प्रजापरिषदांच्या मागण्यांत खासगी खर्चास मर्यादा घालण्याची मागणी वारंवार येते, तिचे मर्म हेच. तिच्या शेजारी वेठ बंद करणे, सारा कमी करणे, जंगलाच्या जाचातून सुटका होणे या मागण्या आहेत. सुशिक्षितांची मागणी अंदाजपत्रकाची आणि शेतकऱ्यांची मागणी वेठीची. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच तक्रार होती, की घेणाऱ्याला हिशेब द्यावा लागत नाही.

भाटघरच्या धरणाचे उदाहरण या दृष्टीने लक्षणीय आहे. वेळवंडी नदीवर १८९२ च्या सुमारास पहिले धरण पूर्ण झाले आणि पुढे त्याच परिसरात १९२८ मध्ये लॉइड धरण पुरे झाले. पाणी साठले ते भोरच्या डोंगरांतील; भिजली ती मुख्यतः नीरा कालव्यांखालची पूर्वेकडील जमीन. बुडणाऱ्या जमिनीचा निर्णय दोन सरकारांमधला होता, आणि त्यांपैकी एकही सरकार खोऱ्यातील शेतकऱ्याने निवडलेले नव्हते. शेजारच्या मुळशी पेट्यात, ब्रिटिश हद्दीत, १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. तो अयशस्वी झाला, हे खरे. तथापि मुळशीचा शेतकरी ज्या सरकारशी भांडत होता, त्याच सरकारच्या विधिमंडळात त्याच्या वतीने प्रश्न विचारता येत होता. पराभवाची नोंद होणे हादेखील एक राजकीय हक्क आहे, हे या तुलनेतून कळते.

५. भाषेतील सत्ता

सत्ता केवळ पैशावर आणि हमीवर उभी नसते. ती बोलण्याच्या रीतीतही वसते. अर्जाचा मायना, दरबारातील संबोधन, ‘मायबाप सरकार’ हा शब्दप्रयोग, ‘हुजूर’कडे केलेली ‘विनंती’ या सर्वांतून एक संबंध व्यक्त होतो. त्यात देणारा कृपेने देतो आणि घेणारा कृतज्ञतेने घेतो. मायबापाकडे गाऱ्हाणे सांगता येते. त्यांच्याकडून हिशेब मागता येत नाही. हिशेब मागणे हा त्या नात्याचाच अवमान ठरतो. म्हणून संस्थानी राजकारणात हक्काची मागणी करणारा मनुष्य पुष्कळदा कृतघ्न म्हणून रंगविला जाई.

भोरच्या बाबतीत या भाषेला इतिहासाचे बळ होते. राज्याच्या सीमेत राजगड आणि तोरणा. घराण्याच्या मूळ पुरुषाने मोगलांशी झुंज दिलेली. अशा राज्याविरुद्ध बोलणे म्हणजे स्वराज्याच्या परंपरेविरुद्ध बोलणे, असा समज सहज पसरविता येत होता. वस्तुतः परंपरा दोन होत्या. एक परंपरा अधिकाऱ्याकडून काटेकोर हिशेब मागणाऱ्या राज्याची, दुसरी अधिकार वंशात मुरविणाऱ्या वतनाची. दुसरी परंपरा पहिलीच्या नावाने बोलत होती.

याच काळात शब्दांचा एक निराळा प्रवाहही सुरू झाला होता. ‘रयत’ या शब्दात शेत कसणारा व सारा भरणारा मनुष्य येतो. ‘प्रजा’ या शब्दात राजाचे अपत्य हा अर्थ अजून शिल्लक आहे. तथापि ‘प्रजापरिषद’ असा समास झाला, की त्या अपत्यांची सभा भरते आणि सभा ठराव करू लागते. ‘जबाबदार राज्यपद्धती’ ही संज्ञा तर या सर्व वादाचा निष्कर्षच आहे. ‘जबाब’ म्हणजे उत्तर आणि ‘जबाबदार’ म्हणजे ज्याच्याकडे उत्तर देण्याचे काम आहे तो. संस्थानिक बेजबाबदार होते असे म्हणणे अर्धसत्य होय. पोलिटिकल एजंटाच्या पत्राला उत्तर वेळेवर जात असे. प्रश्न एवढाच होता, की उत्तर कोणत्या दिशेस जावयाचे.

६. प्रजेपुढील मार्ग

असंतुष्ट मनुष्यापुढे दोन मार्ग असतात : बोलणे किंवा निघून जाणे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये या दोहोंचा परस्परसंबंध मांडला. निघून जाण्याची वाट सोपी असेल तर बोलणाऱ्यांची संख्या घटते. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून मुंबईची वाट जुनी होती. भाताची एक कापणी झाली, की उरलेल्या महिन्यांत पोट भरण्यासाठी तरुण मुंबईस जात. शिकलेला मुलगा पुण्यास जाई आणि तेथेच राही. संस्थानाच्या दृष्टीने ही सोय होती : घरी मनिऑर्डर येई आणि घरातील सर्वांत धीट मनुष्य हद्दीबाहेर राही.

बोलणेही बहुतांशी हद्दीबाहेरच होत असे. संस्थानी प्रजेच्या प्रश्नांचे व्यासपीठ पुणे हे झाले. दक्षिणी संस्थानांतील प्रजेची परिषद १९२१ मध्ये सुरू झाली. न. चिं. केळकर, सांगलीचे प्रा. ग. र. अभ्यंकर यांच्यासारख्यांनी या चळवळीस वैचारिक बैठक दिली, आणि डिसेंबर १९२७ मध्ये मुंबईस अखिल भारतीय संस्थानी प्रजापरिषद भरली. काँग्रेसने प्रथम अंतर राखले. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनातही संस्थानांतील लढ्याचा भार तेथील प्रजेनेच वाहावा अशी भूमिका होती. १९३९ मध्ये लुधियाना येथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली प्रजापरिषदेने आणखी एक पाऊल टाकले : फार लहान संस्थाने स्वतंत्र घटक म्हणून टिकूच शकत नाहीत, ती शेजारच्या प्रांतात विलीन व्हावीत. या ठरावाने भोरच्या प्रजेपुढे एक विलक्षण पेच उभा केला. ज्या राज्याचा कारभार आपल्या हाती मागावयाचा, ते राज्यच राहू नये असे आपल्याच परिषदेने म्हटले होते.

येथे रघुनाथरावांविषयी न्यायाने बोलले पाहिजे. ते सुधारणेस अनुकूल संस्थानिक म्हणून ओळखले जात आणि अस्पृश्यतानिवारणासारख्या सामाजिक सुधारणा त्यांच्या नावाशी जोडल्या जातात. अनियंत्रित राजा दुष्टच असावा लागतो असे नाही, आणि त्याच्या सुजनपणामुळे सत्तेचे स्वरूपही पालटत नाही. किंबहुना सुजन राजा हाच या पद्धतीचा सर्वांत प्रभावी युक्तिवाद असतो. बहुतेक संस्थानांत ज्या सल्लागार सभा निघाल्या, त्यांत नेमलेल्या सभासदांचे वजन अधिक, अध्यक्षपद अधिकाऱ्याकडे आणि अंतिम शब्द राजाचा, अशी रचना होती. अशी सभा प्रश्न विचारू शकते, उत्तर नाकारणाऱ्याला दूर करू शकत नाही. १८५६ मध्ये तोकव्हील यांनी फ्रान्सच्या जुन्या राजवटीविषयी लिहिताना दाखविले, की वाईट राज्याला सर्वांत धोक्याचा क्षण ते सुधारू लागते तेव्हा येतो. संस्थानिकांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. एक हक्क दिला की पुढचा मागितला जातो, हा अनुभव शेजारचा मुंबई प्रांत त्यांना रोज दाखवीत होता.

७. दोन कसोट्या

वरील विवेचन खरे आहे की नाही, याच्या दोन कसोट्या इतिहासानेच घेतल्या आहेत.

पहिली कसोटी औंधची. पंत प्रतिनिधी आणि पंत सचिव ही दोन्ही घराणी मराठी राज्याच्या प्रधानमंडळातून निघालेली. दोन्ही सातारच्या जहागिरीतील. दोघांनाही सार्वभौम सत्तेची सारखीच हमी. तरी औंधचे भवानराव पंत प्रतिनिधी यांनी आपले पुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने व गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये ग्रामपंचायतींवर आधारलेली घटना देऊन सत्ता प्रजेकडे सोपविली. यावरून असे दिसते, की बाहेरची हमी अनियंत्रित सत्तेला शक्य करते, अनिवार्य करीत नाही. हमीखालच्या राजाला सत्ता सोडण्याचेही स्वातंत्र्य असते. परंतु त्याच कारणाने औंध अपवाद राहिले : तेथील बदल राजाच्या इच्छेने झाला, आणि राजांच्या इच्छेवर सर्वसाधारण नियम उभा राहत नाही. त्याच वर्षी रामदुर्गात प्रजेचा क्षोभ हिंसेपर्यंत गेला. इच्छा आणि क्षोभ या दोन टोकांमध्ये बदलाचा कोणताही नियमित रस्ता संस्थानी राज्यपद्धतीत नव्हता.

दुसरी कसोटी १९४७ ची. भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याने १५ ऑगस्ट १९४७ रोजी संस्थानांवरील ब्रिटिश सार्वभौमत्व संपुष्टात आले. कागदोपत्री संस्थानिक कधी नव्हते इतके स्वतंत्र झाले. अनियंत्रित सत्तेचा आधार जर आतील निष्ठा, परंपरा आणि वतनदारांची साखळी हाच असता, तर हा तिच्या वैभवाचा क्षण ठरावयास हवा होता. घडले ते उलट. काही दक्षिणी संस्थानिकांनी संयुक्त राज्य स्थापण्याचा करार करून पाहिला. परंतु विलीनीकरणाची मागणी प्रबळ झाली, सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांच्या संस्थानी खात्याने तिला आकार दिला, आणि ८ मार्च १९४८ रोजी भोरसह दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. अडीचशे वर्षांचे राज्य हमी नाहीशी झाल्यावर सात महिनेही टिकले नाही. हैदराबादच्या निजामाजवळ स्वतःचे सैन्य व मोठा महसूल होता. तो सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबू शकला, इतकाच फरक. १९८९ मध्ये सोव्हिएत रशियाने पाठीवरचा हात काढताच पूर्व युरोपातील राजवटी काही महिन्यांत कोसळल्या. १९५६ मध्ये बुडापेस्टला आणि १९६८ मध्ये प्रागला जे साधले नाही, ते तेव्हा साधले. लोकांचे धैर्य तिन्ही वेळी होते. हमी तिसऱ्या वेळी नव्हती.

मात्र या कसोटीचा अर्थ अतिव्याप्त करू नये. हमी गेल्याने सत्ता पडते. तिच्या जागी लोकसत्ता येईलच असे नाही. भोरच्या जागी ती आली, कारण शेजारी आधीच अस्तित्वात असलेल्या प्रातिनिधिक व्यवस्थेत हा मुलूख सामावला गेला, आणि पाव शतकाच्या प्रजापरिषदांनी त्या व्यवस्थेची भाषा येथील लोकांस परिचित करून दिली होती. चळवळीने राज्य जिंकले नाही. परंतु राज्य गेल्यावर पोकळी राहू दिली नाही.

८. उपसंहार

विलीनीकरणानंतर सुधागड कुलाबा जिल्ह्यात गेला. भोर तालुका आणि वेल्हे महाल पुणे जिल्ह्यात आले. १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत राजगडाच्या पायथ्याच्या स्त्रीपुरुषांनी प्रौढ मताधिकाराने मत दिले. मागोमाग आतील आधारही काढून घेतले गेले. कुलकर्णी व परगणा वतने १९५० च्या कायद्याने गेली, विलीन मुलखातील जहागिरी १९५३ च्या कायद्याने, आणि महारकीसह कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने. बाहेरचा आधार एका दिवसात गेला. आतील उतरंड मोडण्यास दहा वर्षांचे कायदे लागले.

भाषेतील आधार मात्र कायद्याने जात नाही. ‘मायबाप सरकार’ हा शब्द निवडणुकीनंतरही अर्जांत राहिला, आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीकडे मनुष्य मतदार म्हणून न जाता अर्जदार म्हणून जाऊ लागला, की जुने नाते नव्या पदाभोवती पुन्हा जमते. सचिवपदाचा इतिहास येथे उपयोगी पडतो. हिशेब तपासण्यासाठी निर्माण झालेले पद स्वतः हिशेबातून सुटते, ते एखाद्या कटाने नव्हे. वरचा विचारणारा दुर्बळ होतो, खालचा विचारणारा जन्मास येत नाही, आणि मधला काळ सवयीने भरून निघतो. अनियंत्रित सत्ता टिकते ती या मधल्या काळात. तिला आळा घालणारा प्रश्न साधा आहे, आणि तो प्रत्येक पिढीने प्रत्येक पदाला नव्याने विचारावयाचा असतो : उत्तर कोणाला द्यावयाचे?